तुमच्या दादांच्या नावाची सव्वा मूठ

भाऊ, काल सकाळी कानबाईला निरोप दिला. आज शाळेत जाऊन पोरींना पाढे घातले, घरी येऊन चहा घेतला आणि आता ओसरीवर तुमच्या खुर्चीसमोर तुमच्याशी भांडायला बसलेय. खुर्चीत कुणी बसत नाही. तुमच्या शांताने तिच्यावर गोधडीची घडी ठेवून दिलीय, म्हणजे बसू नका असं कुणाला तोंडाने सांगावं लागत नाही.

तुमच्या शाळेत शोकसभा झाली तेव्हा हेडमास्तर म्हणाले, वहिनीबाई, दिरांबद्दल चार शब्द लिहून द्या. मी म्हटलं, मला त्यांच्याबद्दल लिहिता यायचं नाही, त्यांच्याशी बोलता येतं. ते बिचारे खाली बघायला लागले. त्यांना वाटलं, बाईचं डोकं जाग्यावर नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, तसं वाटायला पुरावा भरपूर आहे.

तेव्हा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं मी त्यांच्यावर सोपवलंय. माझी तक्रार एवढीच आहे की तुम्ही वाद अर्धवट टाकून गेलात. जेवण अर्धं टाकून उठलेले तुम्हाला मी पाहिलंय. एकदा तर रनाळे स्टेशनावर उभी गाडी सोडून दिलीत, माझं म्हणणं खोडून काढायचं राहिलं होतं म्हणून. पण वाद कधी अर्धा टाकला नाहीत. आणि या ज्येष्ठात, छातीत कळ आली, गाडीची वेळ नव्हती म्हणून बैलगाडीत गादी घालून तुम्हाला नंदुरबारच्या दवाखान्यात नेत होतो, तेव्हा डोळे मिटूनच म्हणालात, "वयनी, तुमना एक मुद्दा माले कधीच खोडता उना नही. बरा व्हयनू का सांगस."

मी म्हटलं, आत्ताच सांगा. तुम्ही हसलात. "आते सांगं ते तुम्ही गाडी थांबाडी पेढा वाटशात."

शांता तुमचे पाय मांडीवर घेऊन रडत होती आणि मला मेलीला हसू आलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तुम्हाला बोलायची मनाई केली. मी कपाळाला कानबाईचा अंगारा लावला, तर तेवढ्यातही पुटपुटलात, "लावा, लावा. नुकसान व्हस याना बी पुरावा नही शे." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. तेव्हापासून मी माझे सगळे मुद्दे एकेक करून काढून बघते, तांदूळ निवडल्यासारखे. तुम्हाला न खोडता आलेला तो कोणता, काही कळत नाही.

तुमच्या दादांशी लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुम्ही ट्रेनिंग कॉलेजात होता. सुट्टीत यायचात आणि देवघरासमोरून जाताना मुद्दाम टोपी घालूनच जायचात. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. कानबाईचं सगळं सासूबाईंनी मला शिकवलं, पण ते नीट समजलं तुमच्या तोंडून. तुमचे एक देशावरचे मास्तर मित्र आले होते, त्यांना तुम्ही सांगत होता आणि मी आत पोळ्या लाटत ऐकत होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात ही देवी बसते. त्याआधी सगळे भाऊबंद धान्य मोजायला जमतात. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ. पाळण्यातल्या पोराचीही मूठ, त्याचा बाप टाकतो. परगावी गेलेल्याची सख्खा भाऊ टाकतो, नाहीतर काका. मेलेल्याची टाकायची नाही. त्या धान्याचे रोट, जाडजूड पोळ्या, करायचे, ते भाऊबंदांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे, तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही. एवढं सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "थोडक्यात, ही आमची दरवर्षीची खानेसुमारी आहे. फक्त बायका मोजत नाहीत."

पाहुणे हसले. मला राग आला होता, कारण शेवटचं वाक्य खरं होतं.

तुम्ही स्वतः त्या दोन्ही दिवशी, मुठीच्या आणि रोटाच्या, घरात थांबायचा नाहीत. सकाळीच नंदुरबारला निघून जायचात. मग तुमचे दादा आधी आपली मूठ टाकायचे, नंतर दुसऱ्यांदा हात घालून म्हणायचे, "आनि हाई त्या नास्तिकनी." सगळे हसायचे. तुमचा रोटही तेच खायचे, आणि रात्री तुम्ही परत आलात की पोटावर हात फिरवत म्हणायचे, आज तुझ्या वाटचं पुण्य पचवतोय. तुमचं त्यांच्याशी कधी वाजलं नाही. तुमचं वाजायचं ते माझ्याशी.

मग तो भादवा आला. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. तुमचे दादा शहाद्याला बैल बघायला म्हणून निघाले. तापीला पूर होता. प्रकाशा गावच्या घाटावर त्यांचा एक जोडा सापडला, चिखलात रुतलेला, आणि उपरणं. नाववाला म्हणाला, असा माणूस माझ्या नावेत बसलाच नाही. दुसरा कुणी म्हणाला, पाय धुवायला उतरलेला एक जण पाहिला होता, तोच का ते सांगता येणार नाही. आणि घरात आपल्या सगळ्यांना हेही ठाऊक होतं की त्यांचा शेतीत जीव रमत नव्हता. एक दिवस सुरतेच्या गाडीत बसतो आणि गिरणीत लागतो, हे त्यांचं नेहमीचं बोलणं. माणूस नदीत गेला म्हणावं तरी खरं, सुरतेला गेला म्हणावं तरी खरं.

मला तेव्हा एकच हवं होतं. कुणीतरी म्हणावं, ते आहेत. देवाने म्हणावं, माणसाने म्हणावं, वाटेवरच्या बैराग्याने म्हणावं, माझं काही अडत नव्हतं. म्हसावदच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक भगत दाणे टाकून हरवलेलं सांगतो असं कळलं, आणि मी जायचा हट्ट धरला. तुम्ही सोबत आलात. भगताकडे जाणं तुमच्या तत्त्वात बसत नव्हतं आणि बाईमाणसाला एकटं पाठवणंही बसत नव्हतं, तेव्हा त्यातलं पहिलं मोडायचं ठरवलंत.

भगत म्हातारा होता, बोलायला गोड. त्याने सुपात ज्वारीचे दाणे टाकले, बोटाने जोड्या लावल्या आणि म्हणाला, आहे. मावळतीला आहे, पाण्याजवळ आहे. मी तिथेच सुपाला डोकं टेकलं. तेवढ्यात तुम्ही पुढे सरकून अगदी नम्रपणे विचारलंत, बाबा, माझा धाकटा भाऊपण घर सोडून गेलाय, त्याचं बघता का? मला कळेना, तुम्हाला धाकटा भाऊ कुठला. भगताने पुन्हा दाणे टाकले आणि सांगितलं, तोही आहे, पेरणीनंतर येईल.

मग तुम्ही त्याला खरं सांगितलंत. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण तो म्हातारा चिडला नाही. दाणे गोळा करत तो म्हणाला, मास्तर, माझ्याकडे कुणी मेला का ते विचारायला येत नाही. जिवंत आहे एवढं ऐकायला येतात, ते मी देतो. तू काय देतोस?

 परतीच्या वाटेवर मी म्हटलं, तुम्ही देवाची परीक्षा घेतलीत. तुम्ही म्हणालात, "देवनी नही, भगतनी." आणि मग, मी विचारलं नसताना, "तो म्हने तू काय देस. मी सुरतले जाईसन दखस, वयनी. माले तेच देता येस."

कारण म्हसावदच्याच कुणीतरी सांगितलं होतं की सुरतेच्या एका गिरणीच्या चाळीत दादांसारखा माणूस दिसला. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गेलात. सगळी सुट्टी तिथल्या चाळी पालथ्या घालण्यात घालवलीत. तुम्ही परत आलात ती दुपार मला डोळ्यांपुढे दिसते. मी तुळशीला पाणी घालत होते. तुम्ही अजून पायातले जोडेसुद्धा काढले नव्हते आणि बोललात, "तो नव्हता, वयनी. दुसराच कोनी शे. खानदेशनाच, पन दुसरा."

मी हातातला तांब्या अंगणात भिरकावला. मी म्हटलं, एक दिवस थांबायचं होतंत. पत्ता मिळाला नाही म्हणायचं होतंत. खोटं बोलायला काय जीभ झडत होती का तुमची. तुम्ही जाऊन तांब्या उचलून आणलात, त्याचा पोचा अंगठ्याने दाबत म्हणालात, "आज मी खोटं बोलनू, ते उद्या मन्हं खरं तुम्हले कसं पटी?"

किती वर्षं मी तुम्हाला त्या वाक्याबद्दल माफ केलं नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तांब्याचा पोचा अजून तसाच आहे. आणि आज सांगते, घरातल्या सगळ्या माणसांत मी डोळे मिटून विश्वास ठेवला तो एका तुमच्यावर, आणि तो त्या दिवसापासून.

त्या हिवाळ्यात तुम्ही माझ्यापुढे पाटी आणून ठेवलीत. वाट बघायचीच आहे तर शिकत बघा, म्हणालात. मी चौथी झालेली, चुलीपुढे बसून तुमची गणितं सोडवायची. भाजी लागली की सासूबाई म्हणायच्या, मास्तरांनी लावली. उत्तर येत नसलं की मी अंदाजाने ठोकून द्यायचे. तुम्ही खडू खाली ठेवायचात. "वयनी, येत नसई ते माहीत नही म्हना. त्यामा लाज नही." मी कधी म्हटलं नाही. मी म्हणायचे, थांबा, येतंय. दादांचंही तेच. तुमचे चुलते तात्या म्हणायचे तो गेला, मी म्हणायचे ते आहेत, आणि तुम्ही आम्हा दोघांकडे बघत म्हणायचात, "या घरमा 'माले माहीत नही' अशे कोनीच म्हनत नही." मला ते ऐकून आग लागायची. ज्याचा भाऊ हरवलाय त्याने इतकं थंड असावं? मग मी फायनल पास झाले, गावातल्या मुलींच्या शाळेत लागले. पहिल्या दिवशी मी देवीपुढे नारळ ठेवला आणि तुमच्यापुढे पेढा. तुम्ही पेढा खाल्लात आणि नारळही फोडून खाल्लात. देवीला पुरावा लागत नाही तर तिला खोबरं कशाला, असं काहीतरी बोललात.

आता त्या सातव्या वर्षाचं. आपलं राज्य महाराष्ट्राचं झालं त्याच्या आदल्या श्रावणातलं.

तोपर्यंत दरवर्षी दादांची मूठ तात्या टाकत आले होते. सख्खे चुलते, भाऊबंदांतले सर्वांत थोर, त्यांचा हात चालायचा. त्या वर्षी धान्य मोजायला सगळे भाऊबंद ओसरीवर बसले, स्वच्छ धोतर अंथरलं, एकेकाने मुठी टाकल्या, आणि तात्यांचा हात पोत्यात गेला तो तसाच राहिला. मग त्यांनी हात काढून घेतला. "मन्हा हात उठत नही. तो गया रे भाऊ. तापीमायनी लई लिधं त्याले. मरेल मानूसना रोट देवीले चालस नही."

कुणी मला त्रास द्यायला म्हणून ते बोललं असतं तर मी भांडले असते. पण तात्या रडत होते. त्यांच्या मनात खरंच भीती होती, की आपण इतकी वर्षं मेलेल्याचं अन्न देवीपुढे ठेवतोय आणि तो बिचारा क्रियाकर्माविना कुठेतरी तळमळत पडलाय. ते म्हणाले, सरकारसुद्धा सात वर्षांनी मेला म्हणतं. पळसाच्या पानांचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ, दिवस घालू. पोरीच्या बांगड्यांचं काय ते काकू बघून घेईल. काकू, तात्यांची बायको, माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. फोडायला नाही, प्रेमाने. तरी मला वाटलं, आता बांगड्या वाजल्या की संपलं.

मी समोरच्या देवघरातल्या देवीकडे पाहिलं. तेव्हा मी मनापासून तिला म्हटलं, काहीतरी कर. आणि कोण आलं? तुम्ही. नंदुरबारची गाडी चुकली म्हणून परत आला होता, हातात पिशवी, डोक्यावर ती टोपी. दारात उभे राहून तुम्ही सगळं ऐकलं होतं. आजपर्यंत मी हे म्हटलं की तुम्ही चिडायचात. गाडी चुकली ती इंजिनमुळे, देवीमुळे नाही, म्हणायचात. असेल बाबा, इंजिनमुळे असेल.

तुम्ही आत येऊन धोतराच्या कडेला बसलात. "तात्या, जोडा सापडना. मानूस नही सापडना."

तात्या म्हणाले, मेलेल्याचा रोट चालत नाही, हे तुला पटत नसेल, पण आम्हाला पटतं.

"माले पटो ना पटो. पन जिता मानूसनी मूठ टाकी नही, ते देवीले चाली का?"

तात्या पोत्यातल्या गव्हाकडे बघायला लागले. कारण तेही तितकंच मोठं पाप. जिवंत माणसाची मूठ वगळणं म्हणजे त्याला घरातून काढून टाकणं. तुम्ही त्यांच्याच रीतीच्या दोन्ही बाजू त्यांच्यापुढे ठेवल्यात, आपली एकही मिसळली नाहीत. तात्या शेवटी म्हणाले, "मंग टाकी कोन? मन्हा हात उठत नही. आनि तुन्हा ते देववर इसवासच नही."

"नही शे," तुम्ही म्हणालात. "पन दादा मरना याना पुरावा बी नही शे. पुरावा दखाडा, मी मूठ रोखस. तोलोंग मी टाकस."

आणि तुम्ही टोपी काढलीत. इतक्या वर्षांत देवघरासमोर पहिल्यांदा. मी टक लावून पाहत होते, तर माझ्याकडे बघून म्हणालात, उकडतंय. बाह्या सारून पोत्यात हात घातलात आणि तुमच्या दादांची सव्वा मूठ टाकलीत. मग स्वतःची. काकूने माझ्या मनगटावरचा हात काढून घेतला.

मी त्या दिवशी तुम्हाला काही बोलले नाही, आणि पुढेही नाही. भाऊ, ज्या पुराव्यापायी तुम्ही माझा भगत माझ्यापासून हिरावलात, माझी सुरत हिरावलीत, त्याच पुराव्याने माझं कुंकू राखलंत. तात्यांना श्रद्धा होती, काकूला होती, भाऊबंदांतल्या एकेकाला होती, आणि त्यांच्यात माझ्या बाजूने उभा राहिला तो एक नास्तिक. हे तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मी तुमच्या बाजूने नव्हतो, मी कुणाच्याच बाजूने नव्हतो. म्हणूनच सांगितलं नाही.

त्यानंतर दरवर्षी तुम्ही कानबाईला घरी थांबायला लागलात. मूठ टाकली म्हणजे रोटही तुम्हीच खायला हवा, रक्ताच्या माणसाने. आपला एक आणि दादांचा एक. रोट म्हणजे काही फुलका नव्हे. पौर्णिमेपर्यंत तुम्ही दुधात कुस्करून तो खात राहायचात आणि म्हणायचात, दादा आला की पहिल्यांदा या रोटांचा हिशेब मागतो. हे तुम्ही 'आला तर' असं म्हणायला हवं होतं. मी एकदा चूक काढली. तुम्ही वरणाचा भुरका मारून विषय बदललात.

तो माझा मुद्दा होता का, भाऊ? की तुमच्या कमलच्या जन्माच्या वेळचा? शांता आत अडली होती, सुईण दार लावून बसली होती, आणि तुम्ही देवघरासमोर उभे. मी पकडलं तर म्हणालात, इथे उजेड आहे म्हणून उभा आहे. मी म्हटलं, वाचताय काय? हातात काहीच नव्हतं तुमच्या. का मग जात्याचा मुद्दा? ओवी म्हटली की जातं हलकं होतं, असं मी म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, जातं तेवढंच जड असतं, हाताला जाणवत नाही इतकंच. मी म्हटलं, मग मी वेगळं काय म्हणतेय? त्यावर तुम्ही सुपारी कातरायला घेतलीत. की शांताला एका दुपारी पाहून आयुष्यभरासाठी होकार दिलात, तेव्हा कोणता पुरावा मागितला होतात, हा? तो नसावा. त्याला तुम्ही म्हणाला होता, तिने केलेल्या शेवभाजीचा.

शांताबद्दल लिहायचं मी टाळतेय. तिचे हात मोकळे झाले. माझे भरलेले आहेत. एका चुलीवर आम्ही दोघी भाकरी थापतो तेव्हा माझ्या बांगड्या वाजतात, आणि मी त्या कोपराकडे सारून ठेवते. परवा ती म्हणाली, "नका सारू, अक्का. वाजू देत. घर चालू शे असं वाटस." मग मी खाली सोडल्या.

घरात असं झाल्यावर यंदा कानबाई बसवायची का, हा प्रश्न होताच. तात्या म्हणाले, वाजंत्री नको, गाणी नकोत, पण रोट चुकवायचे नाहीत. तात्या आता फार थकलेत, धरून आणावं लागतं. शनिवारी भाऊबंद जमले. तेच धोतर, तीच ओसरी. मुठी पडत गेल्या. शेवटी आपल्या घराची पाळी आली आणि सगळ्यांचे हात थांबले, कारण आपल्या घरातून हात पुढे यायला पुरुष राहिलाच नव्हता, आणि दादांसाठी तात्यांचा हात त्या सातव्या वर्षापासून उठत नव्हता. शांता आतल्या उंबऱ्यावर कमलला घेऊन बसली होती. काकू हळूच म्हणाली, "औंदा दोन्ही मुठी ऱ्हाऊ दे, माय. आते टाकी बी कोन."

दोन्ही. तुमची आणि त्यांची. एवढ्या साध्या शब्दात तुमचे दादाही संपले असते. कुणी पुतळा केला नसता, कुणी अग्नी दिला नसता, टाकायला हात नाही म्हणून ते मेले असते.

भाऊ, माझ्या तोंडून काय निघावं? देवीचं नाव नाही निघालं. मी म्हटलं, "काकू, पुरावा दखाडा. मंग ऱ्हाऊ देसू."

ओसरीवर सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही. मी उठले, पदर खोचला आणि पोत्याजवळ बसले. कुणीतरी म्हणालं, बाई मूठ टाकत नाही. मी म्हटलं, आजवर टाकली नाही एवढंच आपल्याला ठाऊक आहे.

तात्यांनी मान वर केली. त्यांना नीट दिसत नाही, आवाजाच्या दिशेने बघतात. त्यांनी मला विचारलं, आणि इतक्या वर्षांत हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं, "तुले काय वाटस, पोरी? खरं सांग. जिता शे का तो?"

मी देवघरातल्या कानबाईसमोर बसले होते. इतकी वर्षं तिच्यासमोर मी एकच उत्तर देत आले, आहेत म्हणून. तेच तोंडावर आलं. आणि मग तुमचा तो खाली ठेवलेला खडू दिसला.

मी म्हटलं, "माले माहीत नही, तात्या."

काही झालं नाही, भाऊ. मला वाटायचं, हे शब्द उच्चारले की माझ्या हाताने त्यांना नदीत ढकलल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. उलट छातीवरून काहीतरी उतरलं. देवीही जागच्या जागी होती. तिच्यावरचा माझा विश्वासही जागच्या जागी होता, हे तुम्हाला मुद्दाम सांगते, उगाच खूश होऊ नका. मला फक्त एवढं कळलं की माहीत नसतानाही मूठ टाकता येते. तुम्ही तेच करत होता, नाही का? इतकी वर्षं.

तात्या म्हणाले, "टाक."

माझी मूठ लहान. तुमच्या मुठीत मावायचे तितके दाणे माझ्या मुठीत मावेनात, म्हणून ओंजळीच्या काठाने थोडे जास्त घेतले. टाकले. रविवारी रोट झाले. तुमच्या दादांचा रोट खायला रक्ताचं माणूस हवं, तर कमल पुढे आली आणि दुधात कुस्करून निम्मा खाल्ला. तोंड वाकडं केलं, अगदी तुमच्यासारखं. उरलेला पौर्णिमेच्या आत तिच्याकडूनच संपवून घेईन म्हणते.

तो मुद्दा कोणता ते आता मी शोधत नाही. असेल एखादा. राहू द्या तुमच्याकडे.

एक मात्र सांगायचं राहिलं. दादांची मूठ टाकून झाल्यावर माझा हात पुन्हा पोत्यात गेला. सवयीने. दरवर्षी दोन मुठी पडताना पाहिल्यात ना मी. कुणी मला अडवलं नाही, काकूनेसुद्धा नाही, सगळ्यांनी माना खाली घातल्या. गहू गार लागत होता. मुठीत धरले होते दाणे. उंबऱ्यावरून शांता बघत होती, मोकळ्या हातांनी.

मग मी मूठ उघडली आणि दाणे पोत्यात परत सोडले. दवाखान्यात तुमचे डोळे मी मिटलेत. तुमची मूठ टाकली नाही, भाऊ. तुमचं मला माहीत आहे.